ठेवलेल्या डोळ्याचे टक्के

माझ्या सासरचे लोक मूळचे मेंढरं राखणारे. डाळजच्या बाजूला त्यांचं थोडं रान होतं. सासऱ्यांनी कळप मोडला, शेती धरली आणि धाकट्या मुलाला वेल्डिंग शिकायला घातलं. तो धाकटा म्हणजे माझा नवरा. लग्न झालं तेव्हा ते बारामतीच्या एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होते. आम्ही जवळच भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. माझं माहेर इंदापूरकडचं, पाण्याखालच्या रानात भाजीपाला पिकवणारं. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट.

एका दुपारी शेडमधला एक कामगार सायकलवरून आला आणि दारातूनच म्हणाला, "वहिनी, दादांच्या डोळ्यात कण गेलाय. मालक दवाखान्यात घेऊन गेलेत."

वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यात कण जाणं मला नवीन नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी मी त्यांच्या डोळ्यातला कण पदराच्या टोकाने काढायची. म्हणून मी तवा खाली उतरवून, दाराला कडी घालून निवांत चालत गेले. दवाखान्यात पोचले तर त्यांच्या शर्टाचा पुढचा भाग रक्ताने भिजलेला. ग्राइंडरचं चाक फिरता फिरता फुटलं होतं आणि त्याचा तुकडा डाव्या डोळ्यात घुसला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पुण्याला न्यायला सांगितलं. मालकांनी स्वतःची जीप काढली. रस्ताभर हे एवढंच विचारत होते, "जॉब अर्धाच राहिलाय, कोण पुरा करंल?"

पुण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढला, टाके घातले आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "या डोळ्याने आता दिसणार नाही. बुबुळ काढून टाकता येईल किंवा तसंच ठेवता येईल. ठेवलं तर लक्ष ठेवावं लागेल, त्रास व्हायला लागला तर लगेच यायचं."

मी म्हटलं, "ठेवता येत असेल तर ठेवा."

दुसरं काय म्हणणार? माणूस तिशीही न ओलांडलेला. त्याच्या चेहऱ्यात खोबण करायची हे माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या. असंना का रिकामं, जागंवर तरी राहील."

मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं. सफरचंदं घेऊन दोनदा घरी आले. बाजेवर बसून म्हणाले, "हे बघ, तू घरचा माणूस. विमा काढलेला हाय, त्यातनं तुझं काय ते मिळंल. कोर्टकचेरीच्या नादाला लागायचं न्हाय. बरा झालास की कामाला ये."

हे बरे झाले आणि कामाला गेले. पण एका डोळ्यावर अंतराचा अंदाज येत नाही, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. घरी चहा ओतताना कपाच्या बाहेर पडायचा. रस्ता ओलांडताना डाव्या बाजूची मोटारसायकल अंगावर येईपर्यंत दिसायची नाही. शेडमध्ये वेल्डिंगची रेघ सांधा सोडून बाजूने जायला लागली. मालकांनी त्यांना आधी ट्रॉल्या रंगवायच्या कामावर टाकलं, पगार कमी केला. मग सीझन संपला तेव्हा म्हणाले, "सध्या काम न्हाय, बोलावतो." ते बोलावणं आलंच नाही. विम्याचं विचारायला गेलं की कागद वर पाठवलेत, एवढं उत्तर मिळायचं.

तेव्हा माझा भाऊ आम्हाला बारामतीतल्या एका वकिलांकडे घेऊन गेला. वकील वयस्कर, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि ह्यांच्याकडे न बघताच विचारलं, "डोळा काढलाय का?"

"न्हाय. हाय की," हे म्हणाले.

"मग तीस."

आम्हाला काही कळेना. वकिलांनी पुस्तक आमच्याकडे फिरवलं. कायद्यात शरीराच्या एकेका अवयवाची यादी असते. अंगठा गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, बोट गेलं तर किती, पाय गुडघ्याखाली गेला तर किती. डोळा समूळ गेला आणि दुसरा चांगला असेल तर चाळीस. नजर गेली पण बुबुळ जागेवर आहे आणि विद्रूप झालेलं नाही, तर तीस. मग पगार, वय आणि हा टक्का यांचा मेळ घालून रक्कम निघते.

मी विचारलं, "म्हणजे डोळा काढून टाकला असता तर जास्त मिळालं असतं?"

"कायदा तसं म्हणतो."

"पण दिसत तर दोन्हीकडे नाहीच. काम तर दोन्हीकडे सारखंच गेलं."

"ताई, ते मलाही कळतं," वकील म्हणाले. "पण हिशेब असाच होतो."

जिना उतरताना हे हसायला लागले. म्हणाले, "बघ, धा टक्क्याचं बुबुळ घिऊन फिरतोय मी." मला हसू आलं नाही. तिथून स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांच्यावर नव्हता, पण जवळ तेच होते.

वकिलांनी एक वाट काढली. डोळा विद्रूप झालाय असं दाखवायचं. बुबुळावर पांढरा डाग पडला होता, पापणी थोडी ओढली गेली होती. तेवढ्यावर जास्त मागता येईल, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या कामगार न्यायालयात अर्ज लागला. मालकांनी उत्तर दिलं की कामगाराला गॉगल दिला होता, त्याने तो घातला नाही, चूक त्याची. गॉगल होता हे खरं. तिघांत एक होता, आणि त्याच्या काचेवर इतके ओरखडे होते की तो घालून काम दिसायचं नाही. हे वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, साक्षीदार आणा. सायकलवरून निरोप घेऊन आलेला तो कामगार मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मला तितंच काम करायचंय." त्याला काय बोलणार.

मग तारखा सुरू झाल्या. भल्या पहाटेची एसटी धरायची, पुण्यात कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुकारा व्हायचा, विमा कंपनीचे वकील आलेले नसायचे, पुढची तारीख मिळायची. कधी वकील यायचे तर न्यायाधीश साहेब रजेवर. एकदा साहेबांची बदलीच झाली आणि नवीन साहेब येईपर्यंत सगळं थांबलं. मी तोवर माहेरहून येणारी भाजी बारामतीच्या मंडईत विकायला सुरुवात केली होती. तारखेच्या दिवशी गवार, भेंडी शेजारणीच्या हवाली करून जायची. परत येईपर्यंत ती सुकलेली असायची.

विमा कंपनीने ह्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी सोबत गेले. डॉक्टरांनी पापणी वर केली, बॅटरी मारली, लिहायला लागले. मी म्हटलं, "साहेब, डाग बघितला का? पापणी पण ओढलीय."

"लांबून कळत नाही," ते म्हणाले.

"लांबून न्हाय कळत, पण जवळून कळतं ना?"

त्यांनी कागदावर लिहिलं, विद्रूपता नाही.

पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलांनी ह्यांना साहेबांसमोर उभं केलं आणि सहज म्हणाले, "दिसायला तर व्यवस्थित आहेत." आमचे वकील उठून म्हणाले की नाहीत. मग दोन शिकलेली माणसं माझा नवरा कुरूप आहे की नाही यावर वाद घालत राहिली, आणि हे दोघांच्या मध्ये, हात बांधून, भिंतीकडे बघत उभे. लग्नाच्या वेळी माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नवरा देखणा मिळाला. त्या दिवशी कोर्टात मी मनातल्या मनात म्हणत होते की साहेबांना तो डाग दिसू दे, पापणी दिसू दे. आपल्या माणसाचं रूप बिघडलेलं ठरावं म्हणून आस धरायची वेळ त्या यादीने माझ्यावर आणली. ते आजही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत व्हरांड्यात तडजोडीची गोष्ट निघाली. समोरचे वकील आमच्या वकिलांना कोपऱ्यात घेऊन गेले. परत येऊन आमच्या वकिलांनी सांगितलं, तीस टक्के धरून, मालकांनी हजेरीत दाखवलेल्या पगारावर एकरकमी देतील, व्याज नाही. हजेरीतला पगार खऱ्या पगारापेक्षा कमी होता.

मी म्हटलं, "हे सगळंच त्यांच्या मनासारखं झालं. आपलं काय राहिलं यात?"

"लढायचं असेल तर लढू," वकील म्हणाले. "निकाल आपल्या बाजूने लागला तरी ते वर अपिलात जातील. तिथं किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही. आणि कमी मिळणार नाही याची हमीही देऊ शकत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "करू सही."

"का पण? एवढं थांबलो की."

"तू थांबलीस. मला त्या भिंतीकडं बघत परत उभं ऱ्हायचं न्हाय."

मी तिथेच, लोकांच्या देखत, त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आपण दमावं म्हणूनच हे तारखा लांबवतात. ते म्हणाले, व्हय, आन मी दमलोय.

तडजोडपत्र साहेबांपुढे गेलं. साहेबांनी विचारलं, "मजकूर समजला का? राजीखुशीने करताय?" हे म्हणाले, "व्हय." मी मागच्या बाकाजवळ उभी होते. मला वाटलं, मलाही विचारतील. मी सांगणार होते की समजलंय, पण राजीखुशीने नाही. कोणी विचारलं नाही. पुढच्या केसचा पुकारा झाला.

पैसे आले. त्यातून मंडईतला एक गाळा भाड्याने घेतला. हे माल उतरवायला, वजन करायला लागले. भाव सांगताना गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, त्यांचा जम बसला. मला वाटलं, चला, झालं ते झालं.

पुढच्या उन्हाळ्यात तो डोळा दुखायला लागला. आधी लाल झाला, मग सुजला, मग आत ओढल्यासारखा बारीक दिसायला लागला. थोड्या दिवसांत चांगल्या डोळ्यातूनही पाणी यायला लागलं, उजेड सोसेना. पुण्याला त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आता हा काढावाच लागेल. ठेवला तर याच्यामुळे दुसऱ्यालाही धोका आहे. या वेळी कोणी विचार केला नाही. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो, डाव्या बाजूला नुसती पट्टी.

मी एकटीच वकिलांकडे गेले. म्हटलं, "आता डोळा गेला. समूळ गेला. आता तरी चाळीस झाले ना?"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "ताई, महिन्याला थोडं थोडं मिळत असतं तर तब्येत बिघडली म्हणून फेरविचार मागता आला असता. आपण एकरकमी घेतलं. त्यात लिहिलंय की यापुढे या अपघाताबद्दल काही मागणं राहिलेलं नाही."

"पण तेव्हा डोळा होता."

"होता."

"मग जे तेव्हा गेलंच नव्हतं, त्याचं मागणं आम्ही कसं सोडलं?"

ते म्हणाले की अर्ज करून बघता येईल, पण टिकेल असं त्यांना वाटत नाही. फी घेणार नाही, हेही सांगितलं. माणूस चांगला होता. चांगल्या माणसांनीही हात वर केले की कुणाशी भांडायचं तेच कळत नाही.

मग मी शेडवर गेले. मालक खुर्चीतून उठले, पाणी मागवलं. "हे विमा कंपनीचं काम, माझ्या हातात काय हाय?" म्हणाले. नंतर म्हणाले, "नकली डोळा बसवा. त्याचा खर्च मी देतो." मी म्हटलं, नको. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नको कशापायी म्हणालीस? देतोय तर घिऊ की."

"आपल्या हक्काचं बुडवून वर उपकार करतात ते."

"आगं, मला खोबण घिऊन गिऱ्हाइकाम्होरं बसायचंय. तुझा राग घालू का तितं?"

तो डोळा त्यांनी बसवून घेतला. रंग थोडा फिकट निघाला, खऱ्याशी जुळला नाही. एक-दोन वर्षांनी आम्ही बारामती सोडली आणि इंदापूरला, माझ्या माहेरच्या जवळ, हायवेच्या कडेला भाजीचं दुकान टाकलं. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी थांबायचे, धंदा बरा चालायचा. नवीन गिऱ्हाईक कधी तरी विचारायचं, तात्या, डोळ्याला काय झालं? हे सांगायचे, "कामावर गेला," आणि तराजूत माल टाकायचे.

मला मात्र तेवढ्यावर थांबता यायचं नाही. गिऱ्हाईक गेलं की मी बोलायला लागायची, पगाराचं, गॉगलचं, त्या सहीचं. हे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "टमाट्याचं क्रेट सावलीला घे, ऊन आलंय." मी क्रेट ओढायची आणि ओढता ओढता बोलतच राहायची.