रंग लावायला बाई पाहिजे

"नंबर चार, मी बोलली का समोर येजो."

मी एवढंच बोलले. मोबाइलच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसलेले चेहरे एकदम हसले. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी मान खाली घातली. एकाचा माइक चालू राहिला होता, त्याचं हसणं थेट माझ्या कानात शिरलं.

फिटनेस स्पर्धांचे परीक्षक तयार करणारा ऑनलाइन कोर्स होता तो. दर रविवारी दुपारी वर्ग भरायचा. शिकवणारे सर पुण्याचे. त्या दिवशी सराव होता. सरांनी कुठल्याशा स्पर्धेचा व्हिडिओ लावून मध्येच थांबवला होता. मंचावर ओळीत उभ्या मुली, कमरेला नंबरांचे बिल्ले. आम्ही एकेकाने मुख्य परीक्षक व्हायचं, मुलींना पुढे बोलवायचं, वळायला सांगायचं, दोघीतिघींची तुलना करायची. माझी पाळी आली. चार नंबरची मुलगी रांगेत जरा मागे सरकून उभी होती. घाबरलेली दिसत होती. तिच्याकडे पाहिलं आणि जे तोंडात होतं ते बाहेर आलं.

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, हे स्पर्धेचं स्टेज आहे. खुरपणीला बायका बोलावताय का तुम्ही?"

पुन्हा हशा. खुरपणीला आमच्याकडे निंदण म्हणतात, पण टोमणा समजायला तेवढं भाषांतर लागत नाही.

"कुठल्या तुम्ही?"

"नाचणगाव. वर्धा जिल्हा."

"आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. माझं नाव माझ्या चौकोनाखाली लिहिलेलं होतं, आडनावासकट. तरी मी सांगितलं. सर थोडं थांबले. ते थांबणं आम्हाला लहानपणापासून ओळखू येतं. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

"अच्छा, अच्छा. छान. तुमच्या लोकांनीही या क्षेत्रात यायलाच पाहिजे. फक्त भाषेवर काम करा."

तुमच्या लोकांनी. मी चार नंबरला समोर बोलावलं होतं. त्यात माझे लोक कुठून आले?

आमच्या बोलीत 'ये' हा हुकूम असतो. 'येजो' म्हणजे घाई नको, सावकाश ये. परगावी निघालेल्या पोरीला आई 'सांभाळून जाजो' म्हणते, 'पोचली का फोन करजो' म्हणते. घाबरलेल्या पोरीला बोलवायला याच्याहून चांगला शब्द मला आजही सुचत नाही. पण त्या दुपारी मी हे काही बोलले नाही. "सॉरी सर," म्हणाले आणि माइक बंद केला.

आता मी त्या वर्गात कशाला बसले होते ते सांगते. मी पिपरी मेघेच्या एका जिममध्ये बायकांची सकाळची बॅच घेते. आई आणि मी तिथेच भाड्याच्या खोलीत राहतो. वडनेरची शीतल वर्धेला कॉलेजात शिकते, माझ्याकडे व्यायाम करून तयार झालेली पोरगी. खांदे असे की पाहत राहावं. ती पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली तेव्हा परीक्षकांच्या टेबलावर सगळे पुरुष होते. त्यांतल्या एकाने माइकवरून तिला विचारलं, "लग्नाचं काय मग? एवढे दंड पाहून पोरगा पळून जाईल ना!" सभागृह हसलं. शीतल उतरून माझ्याकडे आली, अंगावर टॉवेल घेतला आणि म्हणाली, "ताई, तेथं आपलं कोणीच नव्हतं."

म्हणून मी कोर्सला नाव घातलं. ते प्रमाणपत्र नसेल तर परीक्षकाच्या खुर्चीवर बसू देत नाहीत. मला ती खुर्ची पाहिजे होती. दुसरं काही नाही.

त्या रविवारनंतर माझं नाव गेलं. कोर्सच्या ग्रुपवर कोणीतरी माझं तोंड उघडं असलेला फोटो पडद्यावरून उचलून त्याखाली 'येजो' लिहिलं आणि त्याचं स्टिकर केलं. कोणी उशिरा आलं की स्टिकर. कोणी प्रश्न विचारला की स्टिकर. सरांनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला. मग तेही मला 'येजो मॅडम' म्हणू लागले.

मला प्रमाणपत्र पाहिजे होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरी त्यांचा, म्हण त्यांची, पाय धरायची पाळी मात्र माझी.

मी शुद्ध बोलायचा सराव सुरू केला. बॅच सुटली की आरशासमोर उभी राहायची. "कृपया पुढे या. उजवीकडे वळा. धन्यवाद." बॅचमधल्या एका काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी टीव्हीवर जाऊन राह्यल्या का?" घरीही तेच. भांडी घासताना माझ्या तोंडून 'कृपया' निघालं तर आई दचकली.

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

"कोर्सचं आहे."

"मंग अशी काऊन बोलते? बँकेतल्या बाईवाणी!"

मला हसू आलं नाही. चिडचिड झाली. आईवर चिडले, तिला काय समजतं म्हणाले. तिने भांडं आपटलं आणि म्हणाली, "मंग सोड ना तो कोर्स. काऊन जीव जाळून राह्यली सोताचा?"

मग टॅनचा तास आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पर्धेत मंचावर प्रखर दिवे असतात. त्या उजेडात गोरं अंग सपाट दिसतं, स्नायूंच्या रेषा दिसत नाहीत. म्हणून स्पर्धक आदल्या दिवशी आणि सकाळी अंगाला गडद तपकिरी रंग लावतात. त्याला टॅन म्हणतात. गोरा असो, सावळा असो, सगळेच लावतात. परीक्षकाने पाहायचं की रंग सारखा बसलाय का, ओघळ आलेत का, काखेत पट्टे पडलेत का. सरांनी दोन फोटो दाखवले. एकाच माणसाचे, रंगाआधी आणि रंगानंतर. "बघा," ते म्हणाले, "आता हा खरा ॲथलीट दिसतो."

आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "येजो मॅडम, तुम्हाला मात्र टॅनची गरज नाही हं. देवाने दोन कोट मारूनच पाठवलंय."

स्टिकरांचा पाऊस पडला. जिमच्या ऑफिसात मी एकटी होते. माइकमध्ये आवाज जातो म्हणून कूलर बंद केलेला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. समोरच्या छोट्या चौकोनात माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते हसत होतं. सवयीने हसत होतं. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा सरांचाही आला नाही.

शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला राक्षसीण करायचे. दरवर्षी. बाकीच्या मुलींना बाई पावडर, लाली लावत बसायच्या. माझ्याजवळ आल्या की म्हणायच्या, "तुला काही लावायला नको." मी कपडे बदलून कोपऱ्यात बसून राहायची. पुढे मला पाहायला पाहुणे येणार म्हटलं की आई बेसन आणि हळद दुधात कालवायची आणि माझ्या मानेवर, कोपरांवर इतकी घासायची की कातडी लाल व्हायची. तिलाही कोणीतरी असंच घासलं असेल. पाहुणे चहा पिऊन जायचे आणि निरोप यायचा नाही. हे सगळं मी विसरले असं मला वाटत होतं.

वर्ग संपल्यावर मी ऑफिसातच बसून राहिले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. म्हणजे काळा रंग यांना पाहिजे. मंचावर पाहिजे, दिव्याखाली पाहिजे, गळ्यात मेडल पडेपर्यंत पाहिजे. त्याला खरा ॲथलीट म्हणायचं. अट एकच, घरी गेल्यावर साबणाने निघाला पाहिजे. माझा निघत नाही, एवढाच माझा गुन्हा. आणि तोच माणूस मला सांगणार की रंग कोणाला शोभतो! मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मग मी आरशासमोर गेले, पण शुद्ध वाक्यांचा सराव केला नाही. त्या दिवसापासून बंदच केला.

शेवटच्या रविवारी परीक्षा होती. सर एकेकाला नाव घेऊन बोलावत होते. माझ्यावर आले.

"चला, येजो मॅडम. सुरू करा."

"सर, माझं नाव घ्या."

"अहो, प्रेमाने म्हणतो आम्ही सगळे."

"आपली तेवढी ओळख नाही. नाव पडद्यावर लिहिलेलं आहे. ते घ्या, मग मी सुरू करते."

कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. ज्याने स्टिकर केलं होतं तो खाली पाहत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझं नाव घेतलं. आडनाव जरा जास्तच जोर देऊन घेतलं. घेऊ दे.

मी परीक्षा दिली. माझ्या भाषेत दिली. "मी बोलली का डावीकडे वळजो," असं म्हणाले, आणि या वेळी कोणी हसलं नाही. तुलना केली, क्रम लावला, का लावला ते सांगितलं. कुठेही अडखळले नाही.

निकाल लागला. वर्गातले जवळजवळ सगळे परीक्षक झाले. मला 'सहभाग' असं लिहिलेलं प्रमाणपत्र आलं. लहान पोरांना लिंबू-चमच्यात देतात तसलं. मी सरांना फोन केला.

"ज्ञान चांगलं आहे हो तुमचं," ते म्हणाले. "पण ॲटिट्यूडवर काम करा. पुढच्या बॅचला बघू."

आधी भाषेवर काम करायचं होतं. ते मी सोडलं तर आता ॲटिट्यूड.

त्यानंतर जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली आणि एका दुपारी आयोजकांपैकी एकाचा फोन आला. माणूस इकडचाच, आवाजात मोठी आपुलकी.

"मॅडम, सरांनी तुमचं नाव सुचवलं. पोरींले टॅन लावाले एक बाई पाहिजे. तुमी कोर्सबी केला हाये. पोरी तुमच्याजवळ मोकळ्या राह्यतात."

"परीक्षक कोण आहेत?"

"तिघं हायेत. सर बी येऊन राह्यले."

"त्यात बाई आहे का कोणी?"

"बाई तर तुमी हाये ना मॅडम. टॅनले."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझी सोय लावली. मी विचार करून सांगते म्हणाले. शीतल माझ्या शेजारीच बसलेली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"ताई, या ना तुमी," ती म्हणाली. "मले अनोळखी बाईनं हात लावलेला आवडत नाई. अंगावर नुसती बिकिनी राह्यते."

इथे मी खरंच अडकले. पोरीचं खोटं नव्हतं. स्पर्धेत तिच्या बाजूचं कोणी असावं म्हणून तर मी हा सगळा खटाटोप केला होता. आता दार उघडलं होतं, फक्त मागचं. रात्रभर मला वाटत होतं की जावं, मान खाली घालून रंग लावावा, पोरीचं भलं होईल. आणि लगेच दुसरं वाटायचं, एकदा मी ब्रश हातात घेतला की दरवर्षी तोच हातात देतील. माझ्यानंतर शीतललाही तोच देतील, आणि वरून म्हणतील, बघा, आम्ही यांच्या लोकांना संधी देतो.

सकाळी शीतलला म्हणाले, "तुला मी लावीन. माझ्या खोलीवर ये. तू माझी पोरगी आहेस. पण त्यांचं काम मी घेणार नाही."

त्या माणसाला फोन केला. "रंग लावाले मी येणार नाई. खुर्चीवर बसाले बोलवा, येतो."

"हातचं काम सोडून राह्यल्या मॅडम तुमी. अन् परीक्षक व्हाले कोर्स तर पास नाई ना झाल्या."

"नाई झाली. काऊन नाई झाली, ते त्याइले विचारून राह्यली मी."

त्याने फोन ठेवला.

शीतलचं अंग मी आमच्या खोलीत रंगवलं. आईने जुनी चादर अंथरली आणि रंग वाळेस्तोवर पंख्याखाली तिला उभी ठेवली. मी प्रेक्षकांत बसून स्पर्धा पाहिली. शीतल पहिल्या पाचात आली नाही. निकाल बरोबर होता की चूक, मी सांगू शकत नाही. मागच्या रांगेतून पायांच्या रेषा दिसत नाहीत. त्या दिसतात परीक्षकांच्या टेबलावरून, आणि तिथे मला बसू दिलं नव्हतं.

परतताना शीतलने विचारलं, "आता काय, ताई?"

आता हे. कोर्स चालवणाऱ्यांना मी लेखी विचारलं आहे की मला कुठल्या मुद्द्यावर नापास केलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा आलं नाही. मी विचारणं थांबवणार नाही आणि उत्तरासाठी बसूनही राहणार नाही. पुढच्या बॅचला मी नाव घातलं आहे. शीतलचंही घातलं आहे. आम्ही दोघी जशा आहोत तशा बसू आणि जसं बोलतो तसं बोलू.

सर, तुम्हाला मला नापास करता येतं. पुन्हा करा. पण या वेळी कारण सगळ्यांसमोर सांगावं लागेल, माझं नाव घेऊन. ते सांगेपर्यंत मी पडद्यावरून हलणार नाही.