सुरीला पाणी देताना

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायला कायमची मनाई केली. ऑपरेशनसाठीच ती पाथर्डीकडच्या आमच्या गावातून शहरात, सावेडीला माझ्याकडे आली होती. जमिनीवर बसायचं नाही म्हणजे विळीवर बसायचं नाही, आणि विळीवर बसायचं नाही म्हणजे तिच्या हिशेबानं घरात तिला कामच उरलं नाही. डायनिंग टेबलाशी बसून बाजारातल्या सुरीनं तिनं भोपळा चिरून पाहिला. पातं लवलवत होतं, मूठ हातात फिरत होती. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, ती बसूनच राहिली.

"मी काय पाव्हनी हाय का हितं?" ती एकदा म्हणाली. मग एका सकाळी चहा पिता पिता तिनं सांगून टाकलं, "दसरा झाला की मी गावाकडं जानार."

गावाकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको असतात. दोघं तिची काळजी घेतात, पण दिवसभर शेतात असतात. घरात विळी आहे आणि आईवर नजर ठेवायला कोणी नाही. ती पहिल्याच दिवशी पाट ओढून विळीवर बसली असती आणि गुडघ्यांचं वाटोळं केलं असतं, याची मला खात्री होती. शिवाय मला ती जायला नको होती. पण 'आई, जाऊ नकोस' असं तोंडावर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी तिच्यासाठी सुरी करायचं ठरवलं.

इथे माझी लायकी सांगितली पाहिजे. माझी सगळी नोकरी विमा कार्यालयात गेली. माझ्या हातून भिंतीत आजवर एकही खिळा सरळ गेलेला नाही. घरातली सगळी कॅलेंडरं त्यामुळे जरा डावीकडे झुकतात. पण बायको चिनीमातीचे मग आणि वाडगे करते आणि त्यासाठी मागच्या अंगणात, पत्र्याखाली, तिची विजेची भट्टी आहे. घरात भट्टी आहे आणि हातात मोबाईल आहे, म्हटल्यावर माझ्यासारख्या रिकाम्या माणसाला स्वतःबद्दल गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

पोलादाला पाणी देणं म्हणजे ते लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करायचं, की ते कडक होतं आणि धार धरतं. व्हिडिओ पाहून मला एवढं कळलं होतं, आणि एवढंच कळलं होतं. भंगारवाल्याकडून टेम्पोच्या स्प्रिंगचा एक जुना पाटा आणला. खड्ड्यांचे धक्के खाण्यात ज्याची हयात गेली ते पोलाद माझे धक्केही सोसेल, असा विचार. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून त्याच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि ग्राइंडरवर घासून एकीला पात्याचा आकार दिला.

पहिल्या दिवशी बायकोनं मगांसाठी लावून ठेवलेला प्रोग्रॅमच मी चालू केला. माती फार सावकाश तापवावी लागते आणि शेवटच्या आचेवर बराच वेळ मुरू द्यावी लागते. पोलादाला एवढी आच आणि एवढा पाहुणचार मानवत नाही. पातं बाहेर काढलं तेव्हा त्याला काळ्या खपल्या धरल्या होत्या, आणि त्या झाडल्यावर जे उरलं ते पापडासारखं होतं. भट्टीच्या तळाशी पडलेल्या खपल्या मी दुपारभर टिपत बसलो. बायको शेजारी उभी राहून देखरेख करत होती.

"अहो, माझ्या मगांवर काळे ठिपके आले," ती म्हणाली, "तर ते मग जन्मभर तुम्हीच वापरायचे."

मग मी नीट शिकायचं मनावर घेतलं. भट्टीचा आकडा आठशे अंशांच्या पुढे गेला, की लांब सळईला बांधलेलं चुंबक पात्याला लावून पाहायचं. ते चिकटायचं बंद झालं की आणखी थोडं तापवायचं आणि पातं झटकन तेलात बुडवायचं. म्हणायचं पाणी, पण द्यायचं तेल, कारण पाण्यात असलं पोलाद तडकतं. आईनं घाण्याच्या तेलाला हात लावू दिला नाही. तळणीचं उरलेलं तेल मात्र तिनं मोठ्या मनानं दिलं.

पातं तेलात टोक खाली करून, उभं बुडवायचं असतं. हे मी दहा व्हिडिओंत पाहिलं होतं. पण ऐन वेळी, चिमट्यात ते लाल पातं आणि समोर तेल बघून, मी ते भजं सोडावं तसं अलगद आडवं सोडलं. भडका उडाला, धूर झाला, आणि कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय तळताय?" मी म्हणालो, "सुरी." त्या आत निघून गेल्या. धूर निवल्यावर पातं वर काढलं. एक बाजू आधी थंड झाल्यामुळे ते छान कमानदार वाकलं होतं.

आई काठी टेकत मागच्या दारापर्यंत आली होती. तिनं ते बघितलं. "सुरी करायला गेलास आन् विळीच केलीस की रं," ती म्हणाली.

तिसरं पातं जमलं. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी ते तेलातून सरळ बाहेर आलं. कानस लावून पाहिली तर ती त्यावरून नुसती घसरली, म्हणजे पातं पक्कं कडक झालं होतं. पण इथे थांबायचं नसतं. नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते लगेच ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. मी पातं घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर ओव्हन जागेवर नव्हता. आईनं तो बायकोकडून धुवून पुसून घेऊन हॉलमध्ये न्यायला लावला होता. तिथे विळी, खुरपं, माझे स्क्रूड्रायव्हर, बायकोची मातीकामाची हत्यारं, मिक्सर आणि ओव्हन अशी रांग लागली होती. मी कानस लावून बघेपर्यंत अंगणातल्या भट्टीलाही हळदीकुंकवाची बोटं लागली होती.

"आई, ओव्हन थोडा वेळ पाहिजे," मी म्हणालो.

"पूजंला बसवलेल्या हत्याराला काम सांगायचं न्हाई. एका दिसानं काय हुतंय?"

काय होतं ते मला माहीत होतं. ते मी एकदाच, हळू आवाजात सांगितलं आणि गप्प बसलो, कारण खरं तर मलाच घाई होती. आपण केलेली सुरी झेंडूच्या फुलांत मधोमध ठेवलेली मला बघायची होती. रात्र व्हायच्या आत मी तिला मूठही बसवली.

आमच्याकडे खंडेनवमीला पूजा झाली की कोहळा कापतात. तेवढं एकच काम त्या दिवशी हत्याराला चालतं. दरवर्षी तो विळ्यानं कापला जातो. या वर्षी आई म्हणाली, "तुझ्या सुरीनं काप. नव्या हत्याराचा पयला मान."

नाही म्हणायला मला तोंड होतं, पण छाती फुगलेली असली की तोंड उघडत नाही. मी कोहळ्यावर सुरी चालवली. ती निम्म्यावर जाऊन अडकली. मी बत्ता घेतला आणि सुरीच्या पाठीवर एक घाव घातला. टण असा आवाज झाला. पातं कोहळ्यात राहिलं आणि मूठ माझ्या हातात. पूजेतलं हत्यार मोडलं होतं, दसरा दुसऱ्या दिवशी होता, आणि आईची पिशवी भरायची तेवढी बाकी होती. मला खरोखर रडू येत होतं. साठीच्या माणसानं बत्ता हातात धरून रडणं बरं दिसणार नाही, एवढ्याच विचारानं मी थांबलो.

आईनं कोहळ्यातून पातं ओढून काढलं आणि मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "वव्हन मीच नेला हुता," ती म्हणाली. मग पातं बाजूला ठेवून म्हणाली, "दुसरी कर. ती व्हईस्तवर मी हाय. तुझं तुला एकट्याला काय जमनार न्हाई."

दसऱ्यानंतर तिची खुर्ची खिडकीजवळून उठली आणि भट्टीजवळ आली. चुंबक लावायची सळई तिच्या हातात गेली. मी चिमट्यानं पातं बाहेर काढलं की ती ओरडायची, "टोक खाली, टोक खाली." ओव्हनच्या काचेतून पातं गव्हाच्या काडासारखं पिवळसर दिसेपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही. बायकोच्या केकचं एवढं कौतुक तिनं कधी केलं नव्हतं. या पात्याचा पाठीचा भाग मी जाड ठेवला आणि तिच्या बोटांना पुरेल अशी बाभळीची मूठ बसवली.

त्या सुरीनं ती टेबलाशी बसून भेंडी चिरायला लागली, मग कांदे, मग भोपळा. सकाळी उठलं की तिच्या चिरण्याचा ठेका ऐकू यायचा. मी येईल-जाईल त्याला सुरी दाखवत होतो आणि कडकपणा, ताठा, तेल यांवर व्याख्यान देत होतो. बायको तेवढ्यात आत जाऊन चहा टाकायची. आई आता इथली झाली, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती पिशवी भरताना दिसली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सुरी गुंडाळून तिनं ती सगळ्यात वर ठेवली.

"आता तिकडं बी टेबलापाशी बसून चिरीन," ती म्हणाली. "खाली बसायची गरज न्हाई. तू उगा काळजी करू नगंस."

तिला ठेवून घ्यायला मी सुरी केली होती, आणि सुरी झाली म्हणूनच ती निघाली होती. तिला अडवायचं माझ्याकडे एकच कारण होतं, ते मी स्वतःच घासून, पाणी देऊन निकालात काढलं होतं. मला फार वाईट वाटलं. स्टँडवर तिला पाथर्डीच्या गाडीत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली, आणि टेबलाची उंची भावाकडून नीट मोजून घे वगैरे काहीतरी बडबडत राहिलो.

आठवड्यानं फोन केला. सुरी कशी चालते, हे आधी विचारलं.

"लई चांगली चालती. सूनबाई मागत हुती. न्हाई दिली."

"धार गेली असेल आता," मी म्हणालो. "रविवारी येऊन लावून देतो."



"धार हाय आजून," ती म्हणाली. "तू नुसता ये."