आमच्या गटातली पहिली गाडी

बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, त्या हंगामात आमच्या पिकअपचा ड्रायव्हर सुरतेला कामाला निघून गेला. वडनेर भोलजीहून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कापूस न्यायचं काम माझ्याकडे आलं. लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं. अर्धी बोंडं किडलेली, वेचायला बाया मिळत नव्हत्या. जो धड कापूस हाती लागला तो तरी वेळेत पोचावा, एवढंच बाबांना हवं होतं. गाडीवर कापसाचा डोंगर आणि हायवेवर मागून ट्रक, कंटेनर, ट्रॅव्हल्स. बाबा शेजारी बसून सांगायचे, "आरशात पाह्य, बाई. मागचा मोठा असला तं त्याले जाऊ दे. पण घाबरून स्टेअरिंग हलवू नको."

पिकअप बिघडली की आम्ही ती जळगाव जामोदच्या एका मिस्त्रींकडे न्यायचो. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी बॉनेट उघडलं की मी तिथून हटायचे नाही. शेवटी त्यांनीच बाबांजवळ विषय काढला, "पोरीले गाडीचंच शिकू द्या." बाबांनी त्यांचं ऐकलं. मी डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका गॅरेजात लागले. तिथं माझ्याइतकीच गाडीवेडी मैत्रीण भेटली. अपघातात चेपलेली एक लहान गाडी आम्ही दोघींनी सुट्टीच्या दिवशी खपून शर्यतीसाठी उभी केली. दारं अजूनही दोन रंगांची होती.

त्याच गाडीनं आम्ही दक्षिणेतल्या एका सर्किटवर दिवसभराच्या शर्यतीत उतरलो; गाडी दोघींनी आळीपाळीनं चालवायची होती. चाचा दुकान बंद करून, पान्यांची पेटी घेऊन आले. या शर्यतीत सगळे गट एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी धावतात. जमिनीला चिकटलेल्या मोठ्या स्पोर्ट्स कार पुढच्या गटात, आमच्यासारख्या लहान गाड्या शेवटच्या. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा. त्यामुळे लहान गाडीवाल्याला दोन कामं असतात: आपल्या गटातल्यांशी झुंजायचं, आणि मागून सुसाट येणाऱ्या मोठ्यांना वाट द्यायची, तीही स्वतःचा वेग न घालवता.

मैत्रिणीनं सुरुवात झकास केली. पण दुपारी गाडी आत आणली तेव्हा तिला उतरताही येईना. उन्हानं ओठ पांढरे पडले होते. पुन्हा बसणं तिला शक्यच नव्हतं.

"उरलेलं तूच चालव," ती म्हणाली. "मला वाईट वाटेल म्हणून सावकाश चालवलीस तर बघ!"

मी निघाले तेव्हा आमच्या गटात एकच गाडी पुढे होती, एक लाल गाडी. हेल्मेटमधल्या रेडिओवरून कानात चाचांचा आवाज येत होता. शेजारच्या टीममधले लोक त्यांची वऱ्हाडी ऐकून बघत राहायचे, म्हणे.

"टायर जपजो, बेटा. लालवाल्याचे टायर गेले. त्याची गाडी वळणावर सरकून राह्यली."

मलाही ते दिसत होतं. मी अंतर तोडत गेले. घामानं डोळे चुरचुरत होते, मान दुखत होती, पण डोक्यात मात्र विलक्षण शांतता होती. शर्यत संपत आली तेव्हा मी लाल गाडीच्या अगदी मागे होते.

"बेटा, मागून दोन मोठ्या येऊन राह्यल्या!"

आरशात मला त्या केव्हाच दिसल्या होत्या. मी वळणाच्या आधी किंचित पाय उचलला आणि त्या आतून निघून गेल्या. लाल गाडीवाल्याला मात्र त्या उशिरा दिसल्या. तो दचकला, ब्रेकवर उभा राहिला, आणि झिजलेल्या टायरांनी त्याला ट्रॅकच्या कडेला ओढत नेलं. माझ्यासमोर वाट मोकळी झाली. मी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला.

"गेली का?" चाचा ओरडले.

"गेली, चाचा!"

"आता मांगं पाहू नको! नाही, नाही, पाह्य! आरशात पाह्य!"

लाल गाडी पुन्हा जवळ आली नाही. शर्यत संपल्याचा चौकटींचा झेंडा दिसला तेव्हा मी हेल्मेटमध्ये इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला. मैत्रीण डोक्यावर ओला टॉवेल घेऊन धावत आली आणि खिडकीतूनच माझ्या गळ्यात पडली. चाचा मंचावर यायला तयार नव्हते. आम्ही दोघींनी त्यांना दंडाला धरून वर चढवलं. करंडक हातात आल्यावर त्यांनी तो आधी उलटा करून जोड कसा मारलाय ते पाहिलं, आणि मग रुमालात तोंड लपवलं.

मी बाबांना फोन लावला. ते वावरात होते. वेचणी थांबवून सगळ्यांनी त्यांच्या मोबाइलवर शर्यत पाहिली होती.

"ह्या बाया विचारून राह्यल्या," बाबा म्हणाले, "इतक्या गाड्या पुढं निघून गेल्या, मंग पोरगी पह्यली कशी?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, कुस्तीत वजनाचे गट असतात ना, तसं. तिच्या वजनात तिच्यावर कोणी नाही." त्यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात एका बाईनं फोन ओढून घेतला. ती लोणार तालुक्यातल्या बीबीची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली.

"काऊन वं, मले बीबीले माहेरी नेशील का त्या गाडीत?"

"नेईन, मावशी. पण तिच्यात सीट एकच आहे."

"हाव? मंग तू इथंच थांब," ती म्हणाली. "मी चालवतो."