राघूला एरंडेल

मुलगी पहिल्यांदा सासरी नांदायला निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जाते. चार दिवस सोबत राहायचं, नवख्या घरात तिला एकटं वाटू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. माझ्याबरोबर धाकटी बहीण जायची होती, पण निघायच्या आदल्या दिवशी तिला गोवर आला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. शेवटी आईनं पोपटाचा पिंजरा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्योच जाऊ दे तुज्यासंगं." दुधनीहून सोलापूर आगगाडीनं काही फार लांब नाही. मी सारी वाट रडत होते आणि पोपट डब्यात चढणाऱ्या प्रत्येकाला "ऊट आय्ता?" म्हणून विचारत होता. कानडीत याचा अर्थ, जेवण झालं का. आमच्या दुधनीत निम्मं गाव कानडी बोलतं, आणि आमच्या पोपटाला तेवढं एकच वाक्य येत होतं.

पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. पोपट राहिला.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सासरी माणसं तीनच. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते कोर्टात कारकून होते आणि सुनेशी बोलायचं नसतं हा नियम त्यांनी कोर्टातल्या नियमांइतकाच कडक पाळला होता. मी समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असले तरी ते सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी आण." सासूबाई मला सांगायच्या, आणि मग मी दोन पावलं पुढं होऊन पाणी द्यायची. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. पण पहिल्याच दिवशी माझं "व्हय" आणि "न्हाई" ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बोलणं जरा सुधारेपर्यंत कमीच बोलत जा बाई." मी आज्ञाधारक होते, बोलणंच सोडून दिलं. तिसऱ्या आत्याबाई, मामंजींची थोरली विधवा बहीण. त्यांची जपाची माळ दिवसभर चालू असे, आणि माळेआडून घरातल्या प्रत्येकावर नजरही.

नवरा पुण्याला कॉलेजात होता. आठवड्याला त्याचं एक कार्ड यायचं, ते मामंजींच्या नावानं. मामंजी ते मोठ्यानं वाचायचे. त्यात माझं नाव नसे. वडीलमाणसांना लिहिलेल्या पत्रात बायकोची चौकशी करणं तेव्हा निलाजरेपणाचं समजत, म्हणून मला त्याचा राग नव्हता. म्हणजे, फारसा नव्हता.

दुपारी सगळ्यांची जेवणं उरकून मी एकटी ताट घेऊन बसले की पोपट दांडीवरून मान वाकडी करून विचारायचा, "ऊट आय्ता?" मी ताटातली हिरवी मिरची त्याला द्यायची आणि हळूच म्हणायची, "आय्तु." झालं म्हणून. दिवसभरात मला कुणी काही विचारलं असं ते तेवढंच.

घरातल्यांनाही त्याचा लळा लागला होता, हे कबूल करायला हवं. मामंजी कोर्टातून आले की पोपट त्यांनाही जेवणाचं विचारी, आणि सुनेशी न बोलणारा हा माणूस पोपटाला "व्हायचंय अजून, व्हायचंय," म्हणून अदबीनं उत्तर देई.

भाद्रपदात पोपट गप्प झाला. अंग फुगवून कोपऱ्यात बसू लागला, पिंजऱ्यात पिसं पडू लागली. मला काहीच वाटलं नाही. दर वर्षी तो याच दिवसांत पिसं टाकायचा, आणि टाकताना कुणाशी बोलायचा नाही. आई त्याला रोज पाण्याचे चार शिंतोडे मारून उन्हात ठेवायची, मिरची आणि शेंगा जास्त द्यायची. नवी पिसं आली की स्वारी पुन्हा बोलायला लागायची. हे घरात एकटीला मला ठाऊक होतं, आणि घरात एकटी मी बोलत नव्हते.

सगळ्यांत आधी सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. मुलाची जीभ जड असली की वेखंड उगाळून मधातून चाटवतात, तसं त्यांनी पोपटालाही चाटवायला घेतलं. पोपटानं मध चाटला आणि बोटाचा कडाडून चावा घेतला. बोटाला चिंधी बांधून सासूबाई म्हणाल्या, "ताकद आहे म्हणजे अजून." मग त्यांनी त्याला वारं लागलंय असं ठरवलं, पिंजऱ्याभोवती जाडजूड चादर गुंडाळली आणि खालून ओव्याची धुरी दिली. आत पोपट शिंकत होता.

मामंजींना हे अडाणीपण पसंत नव्हतं. त्यांच्याकडे बाराक्षारांची पेटी होती. बारा बाटल्या, त्यांत साखरेसारख्या पांढऱ्या गोळ्या, आणि सोबत एक जाड पुस्तक. कोर्टातल्या निम्म्या लोकांना ते या गोळ्या देत आणि ते बरे झाले असं समजत. पुस्तकाप्रमाणे रोग्याला आधी प्रश्न विचारायचे असतात. पोपटाची उत्तरं मिळेनात, तेव्हा ते सासूबाईंना विचारू लागले. एकटं असताना त्याला जास्त वाईट वाटतं की चारचौघांत? रोग उजव्या अंगाला जास्त की डाव्या? सासूबाई म्हणाल्या, "मला काय विचारणं होतंय? मी काय त्याच्याशेजारी दांडीवर बसते?" तरी पाण्याच्या वाटीत गोळ्या पडल्याच.

आत्याबाईंचं दोघांशीही पटेना. त्यांच्या मते ही सरळ दृष्ट होती. शेजारणीनं चार दिवसांपूर्वी "किती गोड बोलतो" म्हटलेलं त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, पिंजऱ्याला सिद्धेश्वराचा अंगारा लावला आणि त्यातला चिमूटभर पाण्यातही टाकला. मामंजी भडकले. अंगाऱ्यानं गोळ्यांचा गुण मरतो म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "देवाच्या अंगाऱ्यानं मरतो तो कसला गुण?" या वादात पोपटाचं पाणी दिवसात पाच वेळा बदललं गेलं, आणि त्या आठवड्यात त्याला मिळालेलं चांगलं तेवढंच.

खरी पंचाईत पथ्याची झाली. आत्याबाई म्हणाल्या, मिरची उष्ण, ती बंद. सासूबाई म्हणाल्या, पेरू थंड, तो बंद. मामंजींच्या पुस्तकात तेलकट वर्ज्य होतं, म्हणून शेंगा बंद. आपलं पथ्य दुसऱ्यानं मोडू नये म्हणून तिघंही राखणीला बसल्यासारखे पिंजऱ्यावर लक्ष ठेवत. त्यामुळे मला चोरूनसुद्धा एक शेंग घालता येईना. उरली भाताची पेज. पोपट पेजेकडे बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. छातीचं हाड हाताला लागायला लागलं तेव्हा मात्र मी घाबरले. पिसं झडण्यानं तो मरणार नव्हता, पण या तिघांच्या मायेनं नक्की मरणार होता.

मी हिय्या करून सासूबाईंच्या मागं गेले आणि कुजबुजले, "दरसाल असंच करतंय त्ये."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, सुटलो. त्या तडक बाहेर गेल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "ऐकणं झालं का? ती म्हणते दर वर्षी होतं. रोग जुनाट आहे."

मामंजींचा चेहरा उजळला. जुनाट रोग ही त्यांच्या पेटीची खरी परीक्षा. त्यांनी पुस्तकाचं वेगळंच प्रकरण उघडलं आणि गोळ्या दिवसाला तीनवरून सहा केल्या. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

एवढ्यात पुण्याहून कार्ड आलं. पोपटाचं वर्तमान नवऱ्याला कळवलेलं होतंच. मामंजींनी वाचलं. पोपटास गुरांच्या दवाखान्यात दाखवावे, घरगुती उपचार करू नयेत, त्याच्या प्रकृतीचे वर्तमान उलट टपाली कळवावे. तिघं प्रथमच एका बाजूला झाले. आत्याबाई म्हणाल्या, "गुरांच्या दवाखान्यात? तिथं बैलांना डाग देतात." सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं कॉलेजात काय गेला, आईला शिकवायला लागला." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पोपटासाठी तीन ओळी होत्या. माझ्यासाठी नेहमीप्रमाणे काही नव्हतं, आणि यावेळी मात्र मला राग आला.

पुढच्या कार्डात त्यानं सहज विचारलं होतं, "त्याचे पोट साफ होते काय?" या एका वाक्यानं घात केला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. धुरी, गोळ्या, अंगारा यांवरून पंधरा-वीस दिवस भांडणारी ती तीन माणसं एरंडेलावर मात्र एकमत होती. घरात कुणाला काही होवो न होवो, महिन्यातून एकदा एरंडेल द्यायचंच. इतके दिवस आपल्याला हे सुचलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. मामंजींनी पंच्यात गुंडाळून पोपट धरला. एरवी माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू न देणारा तो पोपट त्यांच्या हातात नुसता मान टाकून पडला होता. आत्याबाईंनी चिमट्यानं चोच उघडायची आणि सासूबाईंनी ओतायचं. सासूबाईंनी चमचा काठोकाठ भरला. आम्हाला माणसांना देत तोच, मोठा.

पोपटानं डोळा मिटला, आणि मला काय झालं ते मलाच कळलं नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला त्याचं भान नव्हतं, आणि माझ्या दुधनीच्या आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "सोडा त्याला. काय बी झालं न्हाई त्याला. पिसं झडत्यात त्याची, दरसाल भादव्यात झडत्यात. उनात ठिवा, मिरची द्या, बोलतंय आपोआप. त्येल पाजून मारून टाकाल की त्याला तुमी."

चमचा सासूबाईंच्या हातून सुटला तो मामंजींच्या धोतरावर. आत्याबाईंच्या हातात चिमटा तसाच राहिला. मामंजी आधी सासूबाईंकडे वळले, सवयीनं. "तिला म्हणावं," ते म्हणाले, आणि थांबले. मग पोपट धरलेले हात तसेच ठेवून सरळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाई की मला."

मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मला खरोखरच दुसरं उत्तर माहीत नव्हतं. पण म्हटल्यावर मला उमगलं, की आता हे लोक आपल्याला पहिल्या गाडीनं दुधनीला धाडणार. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागले. पीठ किती घेतलं होतं देवाला ठाऊक, दोन दिवस पुरलं.

पोपट वाचला, हे इथंच सांगून टाकते. त्याच दिवशी पिंजरा अंगणात उन्हात गेला, मिरची आणि शेंगा सुरू झाल्या, आणि आश्विन लागल्यावर कोवळी हिरवी पिसं फुटून तो बोलायला लागला. गुण कुणाचा यावर घरात आणखी महिनाभर वाद झाला. मामंजी म्हणत गोळ्या जुनाट रोगात उशिरा लागू पडतात, आत्याबाई अंगाऱ्याकडे बोट दाखवत, सासूबाई स्वतःच्या चावलेल्या बोटाकडे. पुण्याहून कार्ड आलं की पोट साफ झाल्यानेच सुधारणा झाली असावी. चमच्याचं काय झालं ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

पण आधी रविवारनंतरच्या सोमवारचं सांगायला हवं. दिवसभर माझ्याशी कुणी चांगलं वाईट काही बोललं नव्हतं. संध्याकाळी मामंजी कोर्टातून आले. रोज ते पगडी खुंटीला अडकवून पिंजऱ्याकडे जायचे. त्या दिवशी उंबऱ्याच्या आत येऊन पगडी हातात धरून तिथंच उभे राहिले. मी तांब्या घेऊन समोर होते. वाटभर काहीतरी घोकत आल्यासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. घसा खाकरून, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत ते म्हणाले, "सूनबाई, आज ऊन फार होतं, नाही?"

मी म्हणाले, "व्हय."

"हां," ते म्हणाले. पुढचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

सासूबाई दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "मला या घरात सत्तावीस वर्षं झाली. मला कधी उन्हाचं विचारणं झालं नाही."

आत्याबाईंची माळ थांबली. मामंजी पगडी घेऊन तसेच उभे होते. मला वाटलं, आता चिडणार. पण ते दोन पावलं सासूबाईंकडे गेले आणि अगदी हलक्या आवाजात, आमच्यासमोर, म्हणाले, "लागतं का तुला ऊन?"

सासूबाईंनी मान आणखी खाली घातली. बोटं भराभर चालली होती, पण निवडलेले खडे त्या पुन्हा तांदळातच टाकत होत्या. त्या दिवशी जेवताना प्रत्येकाच्या दाताखाली खडे आले, आणि कुणीही काही म्हटलं नाही.