सोयाबीनवर वाढवलेलं मांजर

राजारामपुरीतल्या जनावरांच्या दवाखान्यात मी कुत्र्याला घेऊन गेलो होतो. शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पांढरं मांजर. पदराच्या टोकानं त्या सारखे त्याचे डोळे पुसत होत्या.

"आमच्यात अंडंसुद्धा चालत न्हाय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "सोयाबीन आन् डाळ शिजवून भरवते. लेकरागत खातंय की!"

डॉक्टरांनी तिथंच येऊन मांजराच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं. पापणी लवली नाही.

"आजी, दृष्टी गेलीय. कुत्र्याचं एकवेळ भागतं, पण मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते मांसातून मिळतं, नुसत्या डाळ-सोयाबीनमधून नाही. आता मांस सुरू करा, नाहीतर हृदयही जाईल."

बाई रडल्या नाहीत. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

"ह्याच हातानं भरवलं की वो मी."

इतक्या मायेनं दिलेला घास असं करू शकतो, हे डोक्यात शिरेना.

कुत्र्याला दाखवून बाहेर आलो तर त्या शेजारच्या चिकनच्या दुकानासमोर नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"पावणं, मांजरासाठी काय म्हणून मागायचं असतंय?"

"थांबा, मी आणून देतो."

"नगं. रोज आणायचं हाय, तवा मलाच शिकाय पायजे."

आणि मांजराला छातीशी धरून त्या दुकानाची पायरी चढल्या.