यशोदाबाईची चार मिनिटं

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात भिकन पगारे वेल्डर होता, आणि अख्ख्या वसाहतीत त्याच्याइतका बिनकामाचा उद्योग करणारा दुसरा माणूस नव्हता. ही गोष्ट सन अठ्ठ्याहत्तरच्या पुढची. लोक फोटो काढायचे ते लग्नाचे, बारशाचे. हा पठ्ठ्या दर रविवारी गोदावरीच्या बंधाऱ्यावर जाऊन पाण्याचा फोटो काढायचा, तोही वेल्डिंगच्या मुखवट्यातली काळी काच कॅमेऱ्यापुढे लावून. आधी उजेड अडवायचा आणि मग फोटो काढायचा, म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवायचा, असं शेजारी म्हणायचे. हसणाऱ्यांचं सोडा. त्याच काचेमुळे पुढे भिकनच्या आईचा जीव वाचला.

त्या काचेतून उजेड इतका थोडा झिरपायचा, की फिल्मवर चित्र उमटायला चार मिनिटं लागायची. तेवढा वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा. मग बंधाऱ्यावरून पडणारं पाणी सायीसारखं एकसंध दिसे, आणि समोरून गेलेली माणसं, म्हशी फोटोत उरतच नसत. सहा दिवस ठिणग्या आणि खडखडाटात काढणाऱ्या भिकनला त्या शांततेचं वेड लागलं होतं.

घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. लग्नात मिळालेलं एका ठिणगीने बाद केलं होतं. मनात आकडे मोजावेत, तर पाण्याकडे बघता बघता स्वारी आकडाच विसरायची. तेव्हा आई कामाला आली. यशोदाबाईला अक्षरओळख नव्हती, पण विहारात रोज म्हणून त्रिसरण, पंचशील आणि बुद्धवंदना अशी पाठ होती, की शब्दाला शब्द सारख्या अंतरावर पडे. भिकनने कॅमेऱ्याचं झाकण काढलं की ती मागे दगडावर बसून सुरू करी, आणि शेवटचं तिसरं 'साधु' आलं की तो झाकण लावी. बरोबर चार मिनिटं. "माझ्या जिभेला चावी द्यावी लागत नाय," असं ती सुनेला ऐटीत सांगायची. सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात गेलेला. आठवड्यातून एकदा लेकाचं आपल्यावाचून अडतं, याचं तिला कोण कौतुक!

दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका हिवाळ्यात निगेटिव्ह काळ्या येऊ लागल्या, म्हणजे उजेड जास्त होऊ लागला. दर खेपेला मागच्याहून काळी. भिकनने फिल्म धुवायचं औषध बदललं, काच बदलली, आणि शेवटी बायकोवर घसरला. फिल्म धुवायची ती घरच्या मोरीत, अंधारासाठी दाराला गोधडी लावून.

"तूच गोधडी सरकवत असशील," तो म्हणाला.

लता ऐकून घेणारी नव्हती. "गोधडीला चार खिळे मीच ठोकलेत. नाचता येईना अंगण वाकडं."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मायलेकरं बंधाऱ्यावर उशिरा पोचली, कारण यशोदाबाई वाटेत तीनदा बसली. काटा मोडला म्हणाली. भिकनने झाकण काढलं आणि तेवढ्यात वीजकेंद्राचा पाळीचा पहिला भोंगा झाला. दुसरा पाच मिनिटांनी व्हायचा, हे त्याच्या अंगात भिनलेलं. मागून आईचा आवाज चालू होता आणि तो नेहमीसारखा पाण्यात हरवला. दुसरा भोंगा झाला तेव्हा यशोदाबाई चौथ्या शीलावर होती. वंदना तर अजून पुढेच होती.

इतक्या रविवारांत तो पहिल्यांदा मागे वळला. ती छातीला हात लावून बसली होती. ओठ निळसर पडले होते आणि एकेका ओळीला ती दोनदा श्वास घेत होती. काच चांगली होती, औषध चांगलं होतं, बिचारी गोधडीही चांगली होती. दर आठवड्याला निगेटिव्ह त्याला हेच सांगत होत्या, आणि हा शहाणा बायकोशी भांडत बसला होता.

"माय, कवापासून हे?"

"दिवाळीपासून. लय नाय, जरा दम लागतो."

"मला बोलली का नाय?"

"बोलले असते तर तू मला इथं आनलं असतं का?"

"मग एखादी ओळ गाळायची होती."

यशोदाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खाली बघू लागला. "शील म्हनताना चोरी करू?"

कॅमेरा तसाच उघडा टाकून त्याने आईला पाठीवर घेतलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय, छातीत पाणी झालंय. आणखी महिनाभराने आणलं असतं तर आमच्या हातात काही नव्हतं." संध्याकाळी लता बंधाऱ्यावरून कॅमेरा घेऊन आली आणि नवऱ्याला एका शब्दानेही बोलली नाही. त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चैत्रात यशोदाबाई सायकलच्या कॅरिअरवर बसून पुन्हा बंधाऱ्यावर आली. दगडावर टेकताना तिला लेकाच्या मनगटावर नवं घड्याळ दिसलं आणि तिचा चेहरा उतरला.

"घड्याळ आलं. आता म्हातारीचं काय काम?"

"फोटोला तूच," भिकन म्हणाला. "हे तुझ्यासाठी हाय. तू फोटोचा वेळ सांग, हे मला तुझा दम सांगंल."

ती पदर सारखा करून ताठ बसली. भिकनने झाकण काढलं आणि पाण्याकडे पाठ करून आईसमोर बसला. ती म्हणत होती आणि तो काट्याकडे बघत होता. चार मिनिटांच्या किंचित पुढे तिसरं 'साधु' आलं. भिकनचे डोळे भरून आले, आणि झाकण लावायला पुन्हा उशीर झाला.