आजोबांच्या जागी नातू

कपाटात दोन हजार एकशे सहा अर्ज. कॉम्प्युटरच्या फोल्डरात दोन हजार पंच्याहत्तर.

“मावशी, तुमचं मोजणं चुकलं,” कॉम्प्युटरचे मोरे सर म्हणाले.

“सर, म्या चौथी शिकलेय, पण मोजायला येतंय. एकतीस कुठं गेले?”

मी परंडा तालुक्यातल्या एका शाळेची शिपाई. रिटायर झाले तरी जुने प्रवेशअर्ज स्कॅन करायला मलाच बोलावलं, कारण कुठला गठ्ठा कुठल्या कपाटात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. कागद हात लावला की पापडासारखे मोडत. त्यांच्यावरून दाखला मिळतो, म्हणून लोक रोज दारात. तीन महिने खपले. प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर, फाईलला पोराचं पूर्ण नाव, शिवाय एक्सेलमध्ये वर्षवार यादी. मग हेडमास्तरांना सगळं एकाच फोल्डरात हवं झालं.

नव्या पल्लवी मॅडम म्हणाल्या, “पायथनमध्ये करूया.”

“चार ओळींच्या शेल स्क्रिप्टचं काम हे. मुंगी मारायला जेसीबी आणता का?” सर म्हणाले.

शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला थेट हुकूम: हे उचल, तिकडं टाक. पायथन ही पूर्ण भाषा. तिच्यात यादी वाचणं, ताडून बघणं सोपं जातं, पण लिहायला वेळ लागतो. सरांनी चहा निवायच्या आत शेलमध्ये काम उरकलं. जुन्या फोल्डरांची कॉपी ठेवली नाही.

एकतीस कमी भरले म्हणून मी ‘ज्ञानोबा विठ्ठल जाधव’ शोधला. या नावाचे दोन अर्ज मला आठवत होते. एकच निघाला, तोही परवापरवाचा.

“सर, याचा आजा कुठंय?”

“त्याचा काय संबंध?”

“आजा मेला की नातवाला त्याचंच नाव ठेवतेत. आजा ज्ञानोबा विठ्ठल, बाप विठ्ठल ज्ञानोबा, नातू परत ज्ञानोबा विठ्ठल. निम्म्या गावात हेच हाय.”

म्हणजे नातवाची फाईल आली आणि त्याच नावाच्या आजाच्या फाईलवर बसली. आजा पुसला गेला. शेलनं हूं की चूं केलं नाही.

“पुसायच्या आधी विचार, असं शेललाही सांगता येतं,” सर म्हणाले.

“मग सांगायचं होतं की!” मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी पायथनमध्ये लिहिलं. माझी यादी फोल्डराशी ताडली, फाईलच्या नावापुढं वर्ष घातलं आणि पुसलेल्या एकतीस आज्यांची नावं शोधून काढली. त्यांचे अर्ज मी परत स्कॅन करायला घेतले. दोन कागदांचा स्कॅनरवरच चुरा झाला. एक माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी शाळेत काही दिवे लावले नव्हते. दुसऱ्याचा नातू मात्र दाखल्यासाठी अजून चकरा मारतोय.

साध्या कामाला शेल चालतं. पण काम साधं आहे का, हे ज्यानं ते हातानं केलंय त्याला आधी विचारावं.

सर अजून म्हणतात, “शेल चुकलं नाही मावशी. सांगितलं तेवढंच केलं त्यानं.”

मी चाळीस वर्षं शिपाई होते. सांगितलं तेवढंच केलं असतं, तर शाळेला कधीच कुलूप लागलं असतं.